वाळू सर्वांची, वाट कोणाची?

समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा, असें विचारल्यास बहुतेक वाचक 'सरकारच्या' असें उत्तर देतील, आणि तें यथार्थ आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमान्वयें भरतीच्या रेषेखालील समुद्रतळ सरकारचा, म्हणजे पर्यायानें सर्वांचा आहे. परंतु त्या वाळूवर पाऊल ठेवण्यासाठीं तेथवर जावें लागतें, आणि ती वाट बहुधा कोणाच्या तरी वाडींतून जाते. खरा कलह येथेंच आहे.

आम्हां भिवंडीकरांस खाडी आहे, समुद्र नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं अस्थिकलश घेऊन आम्ही अलिबागेकडील एका गांवीं गेलों, तों पिढीजात पाणंदीवर लोखंडी फाटक! मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी लांबचा वळसा घालून चालल्या होत्या. त्यांच्यामागून आम्हीही गेलों. मालकाची बाजूही ऐकलीच पाहिजे. परक्यांनीं नारळ पाडावे, अंगणांत बाटल्या टाकाव्या, हें त्यानें कां सोसावें?

सीमाविवादाची गणना स्मृतिकारांनीं अठरा व्यवहारपदांत केली आहे. तेव्हां हा तंटा आजचा नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वयें जमीनधारकानें शेजारच्या जमिनींतील वाट २० वर्षें उघडपणें, अखंड व हक्क म्हणून वापरल्यास तिजवर त्याचा अधिकार जडतो; गांवची रूढ वाटही तो कायदा ओळखतो. मात्र अडथळा ठाऊक असूनही वर्षभर निमूट राहिल्यास वहिवाट खंडित होते.

गोव्यांत दोनापावलजवळील वायंगिणी किनाऱ्याची वाट एका हॉटेलाच्या बांधकामानें अडविली होती. सर्वोच्च न्यायालयानें २० जानेवारी २००९ रोजीं ती लोकांस मोकळी करण्याचा निर्णय दिला. परंतु त्याच वर्षीं राज्यानें कायद्यांत दुरुस्ती करून बांधकामास अभय दिलें. केवळ निकालावर विसंबून चालत नाहीं, तें असें.

आमच्या मतें न्याय्य तोड एकच: अरुंद कां होईना, पण मोजून आंखलेली वाट, तिला दोहों बाजूंस कुंपण. मालकाची वाडी सुरक्षित राहते, चालणाऱ्याचा मार्ग खुला राहतो, आणि कुंपणापलीकडे पाऊल न टाकण्याचें बंधन चालणाऱ्यावर पडतें.

आणखी एक विनंती. कोंकणांतील वडिलोपार्जित वाड्या आज आपणांपैकींच अनेक कुटुंबें विकीत आहेत. आजोबांनीं कधीं अडविली नाहीं ती वाट बहुधा आपल्याच विक्रीखतांत मरते, कारण तिचा उल्लेख करण्याचें कोणास सुचत नाहीं. सही करण्यापूर्वीं तेवढी एक ओळ खतांत अवश्य घालावी.