बोरघाटाचे राखणदार : मावळातील दैनंदिनी (लेखांक दुसरा)

राजमाची, सोमवार

तुंगार्लीहून रानातून निघालेली वाट उधेवाडीस पोचली तेव्हा ऊन चढले होते. खिंडीतल्या भैरवनाथाचे दर्शन घेऊन श्रीवर्धनचा बालेकिल्ला चढलो आणि तटावरून उल्हास नदीचे अवघे खोरे दृष्टीस पडले, त्याबरोबर या दुर्गाचे प्रयोजन निराळे समजावून घेण्याची गरज उरली नाही. कल्याण-पनवेलकडून जे तांडे आणि जे लष्कर घाट चढू पाहील, त्याची वर्दी श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांवरील पहारेकऱ्यांस सर्वांआधी मिळावी, अशीच ही जागा आहे. कोकण आणि देश यांमधील ही सरहद्द सह्याद्रीने आखलेली असली, तरी तिच्यावरचा अंमल सतत पालटत राहिला: 1636 साली निजामशाही बुडाल्यावर मावळ आदिलशाहीकडे गेले, पुढे शिवछत्रपतींनी ते स्वराज्यात आणले, आणि शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी तर हीच रेषा आंग्र्यांचे कोकण व सातारकरांचा देश यांमधील वादाची झाली. 1713 साली कान्होजी आंग्र्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडून लोहगडावर अटकेत ठेवले, तेव्हा हा तंटा मिटवण्यास बाळाजी विश्वनाथांना यावे लागले. आणि दोन मराठी सरदारांतील ते भांडण रक्तपाताविना मिटले, ही गोष्ट मला कित्येक विजयांहून मोलाची वाटते.

वडगाव, मंगळवार

येथे तट नाही, बुरूज नाही. परंतु राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्यानजीक कॅप्टन स्टुअर्ट पडला, आणि पुढे तळेगावाहून परत फिरलेल्या त्या फौजेला मराठ्यांनी याच गावात कोंडून तहावर सही करावयास लावली. मराठी मुलखाने ज्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, त्या शत्रूचेही स्मारक वडगावाने जपले आहे. शूराचा मान राखण्याची ही रीत या मातीला शोभणारी आहे.

विसापूर व लोहगड, बुधवार

भाज्याची लेणी उजाडताच पाहून विसापूरची ओढ्यातली वाट धरली. माथा विस्तीर्ण, गवताने झाकलेला. चुन्याच्या घाण्याचे प्रचंड दगडी चाक आपल्या चरातच उभे आहे. त्याच्या कडेवरून हात फिरवला असता, ज्या बैलांनी ते ओढले आणि ज्या गवंड्यांनी तो चुना दरजांत भरला, त्यांच्या श्रमांची जाणीव होते.

गायमुख खिंडीतून लोहगडास आलो. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशी ही चार दारांची चढण कोठेही सरळ जात नाही. एका दारातून सुटलेला माणूस वळणावर पुन्हा वरच्या तटाच्या माऱ्याखाली येतो. नारायण दरवाजा नाना फडणिसांनी बांधविला. त्याच्याजवळच्या भुयारात शिबंदीसाठी भात आणि नाचणी साठवीत. पश्चिमेकडे विंचूकाट्याची लांब सोंड पवनेच्या खोऱ्यावर रोखलेली आहे. पुरंदरच्या तहात, 1665 साली, हा गड मोगलांस द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत घेतला गेला. अशा गडाचा शेवट मात्र त्याच्या स्वतःच्या दारांत झाला नाही. लोहगडाहून उंच असलेला विसापूर 4 मार्च 1818 रोजी प्रॉथरच्या फौजेच्या हाती पडला आणि लगोलग लोहगड रिकामा करावा लागला, कारण वरून तोफा रोखल्या जाताच खालची चारही दारे निरुपयोगी ठरणार होती. विसापूरचे दोन्ही दरवाजे इंग्रजांनी सुरुंगाने उडवले, यावरून त्या गडाचे महत्त्व त्यांनी किती अचूक ओळखले होते ते दिसते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा दुर्ग समाविष्ट झाले. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. लोहगडाचा गौरव सर्वथा यथार्थ आहे, परंतु त्याचे भवितव्य ज्याच्या हाती होते त्या जोडीदारावाचून त्याचा इतिहास अर्धाच राहतो. म्हणून वाचकांस माझी विनंती अशी की, लोहगडाच्या पायऱ्यांवरून परत फिरू नये. आधी विसापूर चढावा आणि मग त्याच्या तटावरून लोहगड पाहावा.