पंपाचा हंगाम

रहिमतपुरात माझं औषधांचं दुकान आहे. कोणत्या महिन्यात काय खपतं, हे वही न उघडता सांगता येतं. मृग लागून शाळा भरल्या की पोरांची सर्दी-तापाची औषधं आणि त्यांच्या मागोमाग दम्याचे पंप. आषाढात जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींना ओल येते, बुरशी धरते, तेव्हा म्हातारी माणसं येतात. पण खरी गर्दी सुरू होते भाद्रपद सरता सरता, आणि ती दिवाळीनंतरही हटत नाही.

कारणं गावातच आहेत. घट बसायच्या आधी घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरचं सामान खाली येतं, जळमटं निघतात, गोधड्या-वाकळांचे गठ्ठे धुण्याला निघतात. वर्षभराची धूळ आणि तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे एकाच आठवड्यात घरातल्या बाईच्या छातीत जातात. ते उरकतं तोच सोयाबीनची मळणी. मशीनच्या तोंडाशी उभ्या माणसाच्या पापण्यांवरसुद्धा भुसा बसतो. बांधावर गाजरगवत फुलात असतंच. मग फटाके, आणि थंडी पडली की उसाला कोयता लागतो, तुटलेल्या फडात पाचट पेटतं. पहाटेची गार हवा जमिनीलगत बसून राहते, आणि तिच्यात कोंडलेला धूर ऊन चढेपर्यंत वर जात नाही.

या दिवसांत गिऱ्हाईक मागतं ते तातडीचा पंप. त्यातलं साल्बुटामॉल श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि चार-सहा तास माणूस मोकळा श्वास घेतो. पण नळीच्या आतली सूज त्याने उतरत नाही. ती उतरवायला रोजचा पंप लागतो, स्टेरॉइडचा, आणि त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. म्हणजे घटस्थापनेच्या साफसफाईला छाती धड राहायला हवी असेल, तर तो पंप पावसाळ्यातच चालू असायला हवा.

घडतं उलटं. होळी झाली, ऊन तापलं, की रोजचा पंप कोनाड्यात जातो. “दादा, आता बरं हाय. उगं सवय कशाला लावून घ्यायची?” हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. पैशाचाही प्रश्न आहे. रोजचा पंप तातडीच्या पंपापेक्षा कितीतरी महाग, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने दम लागत नसताना त्यावर पैसे का घालावेत, याचं उत्तर गल्ल्यावर उभ्या उभ्या देणं सोपं नसतं.

स्टेरॉइडची भीती तर घराघरांत आहे. मी त्यांना आकडे सांगतो. रोजच्या पंपाच्या एका दाबात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते थेट छातीत जातं. तो बंद करून दिवाळीत धाप लागली, की डॉक्टरांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम. ते एका दाबाच्या २०० पट, आणि सगळ्या अंगात भिनणारं. भ्यायचंच असेल तर त्या गोळ्यांच्या वेळेला भ्यावं.

कोजागरीला दम्यासाठी खिरीतून औषध घेणारेही आमच्याकडे आहेत. मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मरळ मासा गिळून आलेलेही मी पाहिलेत. त्यांच्या श्रद्धेशी मी कधी वाद घातला नाही. रात्रीमागून रात्री बसून काढलेला माणूस कुठेही जाईल. माझं मागणं एवढंच असतं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका.

अलीकडे मी वहीत एक गोष्ट टिपतो. तातडीच्या एका पंपात २०० दाब असतात. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन दाब घेतले तर तो जवळजवळ वर्ष पुरतो. वर्षात तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, बारा लागले तर जिवाचाच, असं दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नुसत्या तातडीच्या पंपावर राहू नये, असंही त्यांत २०१९ पासून स्पष्ट आहे. म्हणून एखाद्याचा तिसरा पंप निघाला की मी चिठ्ठी लिहून त्याला डॉक्टरांकडे धाडतो. औषध बदलणं माझं काम नव्हे. मोजणं मात्र माझ्याच हातात आहे, कारण पंप माझ्याच फळीवरून जातात.

अशाच एका चिठ्ठीवरून आल्याच्या रानात कामाला जाणाऱ्या एका मावशींचा रोजचा पंप पुन्हा सुरू झाला. त्याआधीच्या दिवाळीत त्यांना दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या होत्या. डॉक्टरांनी बजावल्यामुळे चैत्र-वैशाखातही त्यांनी तो सोडला नाही. पंप घेतल्यावर चूळ भरायची, हेही पाळलं. त्या आश्विनात गोधड्या त्यांनीच धुतल्या, तोंडाला पदर बांधून मळणीलाही उभ्या राहिल्या, आणि तातडीचा पंप बहुतेक भरलेलाच राहिला. दवाखान्याच्या त्या बिलात वर्षाचा पंप येऊन वर पैसे उरले असते, हा हिशोब मला त्यांनीच करून दाखवला.

त्यांच्या जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही. “मला वर्षभर कुठं होतंय? पाऊस-थंडीपुरतंच तर हाय,” असं त्या म्हणतात. यंदा श्रावण संपायच्या आतच त्यांचा तिसरा पंप गेला. चिठ्ठी दिली आहे, आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जायचं मावशींनी कबूल केलंय.