अकरा सेकंद

पुस्तकाची पानं भराभर उलटता येतात. नको तो मजकूर गाळून पुढं जाता येतं. व्हिडिओ कॅसेटचं मात्र तसं नाही. ३ तासांची कॅसेट संगणकात उतरवायची म्हणजे ३ तास तिच्यासमोर बसायचं. ती आपल्याच चालीनं चालते, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं जुनी हकिगत सांगावी तशी!

कॉलेज सुटल्यावर मी तालुक्याच्या एका फोटो-व्हिडिओच्या दुकानात मिक्सिंगच्या कामाला बसते. फीचे पैसे त्यातूनच सुटतात. चाळीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या कॅसेटी लोक अजून घेऊन येतात. त्या चालवायला घरी यंत्रच उरलेलं नसतं. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जुनी यंत्रंच दुरुस्त करकरून वापरायची. कॅसेटीही थकलेल्या. दमट हवेनं फितीवर पांढरी बुरशी चढते. ती न पुसता लावली, तर फीतही बिघडते आणि यंत्राचं हेडही.

काम तसं सोपं. व्हीसीआरमधून ३ वायरी निघतात. पिवळीतून चित्र येतं, पांढऱ्या-तांबडीतून आवाज. त्या कॅप्चर कार्डाला जोडायच्या. फितीवरचा चुंबकीय माग विजेची लहर होऊन येतो आणि कार्ड त्या लहरीचे आकडे करतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. फीत चुरगळलेली असली की मधलंच एखादं चित्र गळतं. अशी बरीच गळली, की ओठ आणि आवाज यांची फारकत होते. म्हणून डोळा लावून बसावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गावातल्या एका मोठ्या घरची कॅसेट आली. १९९३ सालचं लग्न. "पंगतीबिंगती काढून टाक, तासाभराचंच ठेव," असं सांगून त्या घरच्या काकू गेल्या. आमच्या दुकानाचा नियम असा, की कॅसेट आधी पूर्ण उतरवायची. कात्री चालवायची ती नकलेवर. म्हणून मला पंगत बघावी लागली.

पंगतीच्या कडेनं एक माणूस पाण्याची बादली घेऊन वाकत वाकत येत होता. डोक्याला मळका पटका, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कॅमेऱ्याला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. तो पाहुण्यांचे चेहरे टिपत होता. त्या माणसानं एकदाच मान वर केली, दिव्याच्या झोतानं डोळे बारीक केले आणि तो पुढं गेला. भुवईवरचा व्रण मी ओळखला. घरातल्या एकुलत्या एका फोटोत तो आहे. माझे आबा! मी जन्मण्याआधीच ते गेले.

अकरा सेकंद. २७५ चित्रं.

तेवढा तुकडा मी ठेवू का, असं काकूंना विचारलं. "ठेव की गं, आम्हाला काय करायचाय तो!" त्या सहज म्हणाल्या. त्यात दुष्टावा काहीच नव्हता. पण तेव्हापासून कात्री चालवताना हात थबकतो. पट्टीवर दोन खुणा करायच्या, एक कळ दाबायची, की मधला भाग नाहीसा! आमच्यासारख्यांच्या लग्नात तेव्हा कॅमेरा कुठून येणार? आमची माणसं आहेत ती दुसऱ्यांच्या मांडवात, कडेकडेनं, हातात बादली घेऊन. नेमकी कापायच्या भागात!

घरी मोबाइलवर आजीला तो तुकडा दाखवला. तिनं पदरानं काच पुसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या राती लई उशिरा आलं घरला. उपाशीच हुतं." आणि थोड्या वेळानं, "परत लाव."

ज्या माणसाला कॅमेऱ्यानं सोडून दिलं, त्याची पुढली रात्र आजीजवळ होती. बत्तीस वर्षं ती कुणी विचारली नव्हती.

तुकडा जपून ठेवताना संगणक फाइलचं नाव विचारतो. आबांना सही येत नव्हती. कागदोपत्री त्यांचा अंगठाच आहे. मी त्यांचं पूर्ण नाव टाइप केलं, पुढं १९९३ लिहिलं. आमच्या घरानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेली ही पहिली नोंद.