ट्रॅफिकने वाचवलेला वीकेंड

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांचे पावसाळी प्लॅन दोनच प्रकारचे असतात. ट्रॅफिकमध्ये अडकलेले आणि ट्रॅफिकच्या धास्तीने घरातच राहिलेले!

आमचा पहिल्या प्रकारातला. जूनमधला शनिवार, धो धो पाऊस आणि पाच जणांच्या गाडीत कोंबलेले आम्ही सहा जण : आई-बाबा, दादा-वहिनी, सात वर्षांचा पुतण्या आणि मी. निघालो होतो तुंगारेश्वरला. गायमुखच्या अलीकडे गाडी जी थांबली, ती तासभर हललीच नाही. आधी वेफर्स संपले, मग अंताक्षरी, मग पेशन्स. पुतण्याने भोकाड पसरल्यावर दादाने पहिल्या संधीला यू-टर्न मारला.

बाबा तेवढ्या वेळात एक शब्द बोलले नव्हते. जानेवारीत आजी गेली, तेव्हापासून ते असेच. रिटायर झालेला माणूस, दिवसभर खिडकीतून येऊरचा डोंगर बघत बसायचा.

कासारवडवलीजवळ मात्र ते एकदम म्हणाले, "थांबव रे गाडी."

रस्त्याकडेला निळ्या प्लॅस्टिकखाली पाड्यावरच्या दोन बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. टाकळा आणि... शेवळं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शेवळं म्हणजे सुरणाच्या जातकुळीतल्या रानटी झाडाचा जांभळट फुलोरा. पावसाच्या तोंडावर येतो आणि काही आठवड्यांत गायबही होतो. आमच्या घरी ही भाजी म्हणजे आजीचं खातं. तिथे आईलासुद्धा नो एण्ट्री!

"अहो, करणार कोण? घसा खाजला की कळेल," आई म्हणाली.

"मी करीन," बाबा म्हणाले.

गाडीत पिनड्रॉप सायलेन्स. या माणसाने आयुष्यात कधी चहा केलेला नाही!

घरी आल्यावर हॉलमध्ये पेपर पसरले गेले. लहानपणी आजीसोबत शेवळं साफ करायला बसायचे, हे बाबांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग न चुकता फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांचीच. उतारा म्हणून सोबत काकडं नावाची आंबट रानफळं मिळतात. ती उकडून त्यांचा रस भाजीत घालायचा. पुतण्याला 'पिवळं शोधा' हा गेम इतका आवडला, की टीव्हीचा रिमोट दुपारभर अनाथ पडून होता. वहिनीने कांदा चिरला, आईने खोबऱ्याचं वाटण केलं, दादाने सोडे भिजवले. बाबा ओट्यापाशी उभे राहून सूचना देत होते. मध्येच थांबायचे, आठवायचे, पुन्हा सुरू.

मला मात्र वाईट वाटत होतं. अनोळखी माणसांच्या मुलाखती घेऊन मी पोट भरते. आजीला एका रेसिपीबद्दलही कधी विचारलं नाही. 'पुढच्या पावसात विचारू' म्हणत राहिले.

जेवायला बसलो तर ताटाला कुणी हात लावेना! पहिला घास बाबांनी घेतला. आम्ही सगळे त्यांच्या घशाकडे बघतोय...

"खाजत नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आईच्या हातची नाही. पण जवळपास आहे." आणि चष्मा पुसायला लागले.

रविवारी पाऊस जरा ओसरल्यावर आम्ही घोडबंदर किल्ल्यावर गेलो. पोर्तुगीजांचा हा किल्ला चिमाजीआप्पांच्या 1737 च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. खाली खाडी, समोर हिरवेगार डोंगर. बाबांनी नातवाला अख्खी मोहीम सांगितली, तीही अॅक्शनसकट!

तुम्हीही पावसात लांबचा धबधबा गाठायलाच हवा असं नाही. घरात मेंढीकोटाचा डाव टाका. सप्टेंबर उजाडला की रविवारी सकाळी ओवळेकर वाडीची फुलपाखरं बघून या. शेवळं दिसली तर नक्की घ्या, पण जाणत्या माणसाला विचारूनच करा. आणि विचारताना मोबाइलचा रेकॉर्डर ऑन ठेवा.

आजीची मुलाखत राहून गेली. बाबांची मी सुरू केली आहे.