नेटिव्ह स्पीकर, मु. पो. दारव्हा

"तिकडे तू काय करतेस?" असं कुणी विचारलं आणि मी "इंग्रजी शिकवते, स्वतःचे क्लास आहेत" म्हटलं की समोरचा जरा थांबतो. दारव्ह्याची मुलगी, मराठी शाळेतली, ती स्टुटगार्टमध्ये जर्मन लोकांना इंग्रजी शिकवणार? जर्मन माणूसही थांबतो, पण तो सभ्यपणे थांबतो. :-)

तर ते सगळं आज एकदा लिहूनच टाकते.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आलं, तोवर माझी दहावी झाली होती. आमचे सर 'सिन्स' आणि 'फॉर'मधला फरक हातात छडी घेऊन शिकवत. पुढे यवतमाळला बी.ए., अमरावतीला एम.ए. आणि मग एका कॉलेजात तीन वर्षं तासिका तत्त्वावर. ज्याने हे भोगलंय त्याला सांगायला नको. जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, आणि जुलैचे पैसे दिवाळीनंतर आले तर नशीब!

लग्न होऊन पुण्याला आले आणि एका कॉल सेंटरमध्ये 'अॅक्सेंट ट्रेनर' झाले. अमेरिकन गिऱ्हाइकाला कळेल असं बोलायला आपल्या पोरांना शिकवायचं. व्ही आणि डब्ल्यूचं दुखणं तिथे मुळापासून समजलं. आपल्याला दोन्हींसाठी एकच व, त्यामुळे 'वाइन' म्हणजे दारू की द्राक्षाचा वेल हे संदर्भावरून ओळखायचं.

२०१३ मध्ये नवऱ्याला इथे ब्लू कार्डवर नोकरी लागली. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करायची पूर्ण मोकळीक असते, नोकरी करा नाहीतर स्वतःचा व्यवसाय. अमेरिकेत डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्या मैत्रिणी माहीत होत्या, त्यामुळे परवान्यावरची ती ओळ मी चारदा वाचली. आधी दीड वर्ष जर्मन शिकले. तीन लिंगं ऐकून वर्गातले बाकीचे घाबरले, मी नाही. इथे मुलगी नपुंसकलिंगी आहे, पण आपल्याकडेही 'ते पोरगं' असतंच की.

मग अर्ज. एका खाजगी भाषाशाळेने सरळ कळवलं, फक्त 'नेटिव्ह स्पीकर' हवेत. दुसरीकडच्या बाई फोनवर छान बोलल्या, आडनावाचं स्पेलिंग सांगितल्यावर जागा भरल्याचं त्यांना आठवलं. शेवटी फोल्क्सहोखशूले. इथे गावोगावी असतात या, भाषेपासून स्वयंपाकापर्यंत सगळं मोठ्यांना स्वस्तात शिकवतात. तिथली एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ज्येष्ठांचा सकाळचा वर्ग मला मिळाला.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, "आय लिव्ह हिअर सिन्स फॉर्टी इयर्स." त्यांना आधी कुणीतरी, ज्याची मातृभाषाच इंग्रजी, सांगितलं होतं की हे कानाला चुकीचं वाटतं. का, ते नव्हतं सांगितलं. मला ते का माहीत होतं, कारण मराठी माणूस नेमका तिथेच अडतो. "मी इथे चाळीस वर्षांपासून राहतो." जर्मनमध्येही अगदी असंच, साधा वर्तमानकाळ. मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे सांगायला इंग्रजीला वेगळा काळ लागतो, आपल्या दोघांना लागत नाही. मी फळ्यावर तिन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहिली, मराठी देवनागरीत. आजोबांनी देवनागरीसुद्धा वहीत उतरवून घेतली. व्ही-डब्ल्यूचं दुखणं तर त्यांनाही आहेच.

(जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा 'इंग्रजी लेखिका कशाला' असा विरोध झाला आणि नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. उद्घाटन केलं आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, ज्यांच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली होती. त्यांचा मला अभिमानच वाटला. पण इथे म्हणतात इंग्रजी तुझी नाही आणि गावात म्हणतात इंग्रजी आपली नाही, आता बोला!)

पैशाचं म्हणाल तर पुन्हा तासिका तत्त्वच! ४५ मिनिटांचा तास, त्याचं मानधन, सुट्टीत शून्य. वर स्वतंत्र शिक्षकाला सरकारी पेन्शनची सक्ती. सध्या कमाईच्या १८.६ टक्के, आणि मालक नाही म्हणून त्याचा वाटाही आपणच भरायचा. दुकानदाराला ही सक्ती नाही, मास्तरणीला आहे.

मग २८ जून २०२२ ला सर्वोच्च सामाजिक न्यायालयाचा एक निकाल आला. इथून जवळच्या हेरेनबर्गच्या संगीतशाळेतली पियानो शिक्षिका 'स्वतंत्र' नसून नोकरदारच आहे, असा. तासावर शिक्षक घेणाऱ्या सगळ्याच संस्था बिचकल्या. स्वतंत्र कोण? तर जो विद्यार्थी स्वतः शोधतो, फी आणि वेळ स्वतः ठरवतो, तोट्याची जोखीम स्वतः घेतो. ते वाचून वाटलं, पेन्शनचा हप्ता स्वतंत्र म्हणून भरतेच आहे, तर खरंच होऊन बघू. २०२३ मध्ये एक खोली भाड्याने घेतली. ज्येष्ठांच्या वर्गातले सहा जण पाठोपाठ आले, देवनागरीवाले आजोबा धरून. तरी पहिल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांचं भाडं नवऱ्याच्या खात्यातून गेलं. तो काही बोलला नाही, मला मात्र ते दोन महिने नीट झोप नव्हती.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "पक्कं कवा होशीन वं माय?" २००६ पासून विचारते आहे. तिला मी हेरेनबर्गचा निकाल समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे नाही."

सोमवारपासून नवी संध्याकाळची बॅच आहे. पाच जण आले तर खोलीचं भाडं निघतं. आत्तापर्यंत चार झालेत.