आधी कागदावरून, मग बेटावरून

आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आले. नाल्याच्या कडेला झोपडी उभी केली. तीस वर्षांनी ती पाडायला बुलडोझर आला, तेव्हा हातात पडलेल्या नोटिशीत आमची ओळख एकाच शब्दात होती : अतिक्रमणधारक. मतदारयादी, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, सगळे त्या एका शब्दाखाली गाडले गेले. घर पाडायचे असेल तर आधी घरातल्या माणसाचे नाव बदलावे लागते, हे आम्ही तेव्हा शिकलो.

म्हणूनच चागोस बेटांची कहाणी आम्हाला परकी वाटली नाही.

हिंदी महासागरात, भारताच्या दक्षिणेला ही छोटी बेटे आहेत. दिएगो गार्सिया हे त्यातले सर्वात मोठे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी नारळाच्या बागांसाठी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले. गुलामी संपल्यावर भारतातूनही करारबद्ध मजूर गेले. कुणी हौसेने आले नव्हते. पण पिढ्या गेल्या, क्रिओल बोली रुजली, पूर्वजांची थडगी तिथल्याच वाळूत झाली. बेट त्यांचे झाले.

१९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला लष्करी तळासाठी देण्याचा करार केला. अडचण होती ती माणसांची. मग जगाला सांगितले गेले की तिथे कायमचे रहिवासी नाहीतच, आहेत ते कंत्राटी मजूर. सरकारी कागदांत त्यांची टार्झन म्हणून टिंगल झाली. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले गेले. १९७१ च्या कायद्याने परवान्याशिवाय बेटावर राहणे गुन्हा ठरला. लोकांचे कुत्रे गॅसने मारले गेले. १९७३ पर्यंत दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकली. तिथे वाट्याला आली झोपडपट्टी आणि बेकारी.

मित्रांनो, लढल्या त्या बायका. पोर्ट लुईच्या रस्त्यावर उपोषणे केली, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. २००० मध्ये लंडनच्या न्यायालयाने हकालपट्टी बेकायदा ठरवली. २००४ मध्ये राणीच्या नावाने, संसदेत चर्चा न करता काढलेल्या आदेशाने परतीचा हक्क पुन्हा काढून घेतला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यावर शिक्का मारला. २००२ च्या कायद्याने अनेकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले होते, म्हणून कित्येक कुटुंबे इंग्लंडमध्ये विमानतळाशेजारच्या क्रॉली गावात गेली. म्हणजे इंग्लंडला जायची मुभा, स्वतःच्या बेटावर जायला बंदी!

इथे कुणी विचारेल, बाबासाहेबांनी तर खेडे सोडायला सांगितले. मग या लोकांच्या परतीच्या हट्टाचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्हालाही आजोबांच्या गावच्या वेशीबाहेर पुन्हा राहायला जायचे नाही. पण गाव सोडणे हा आपला निर्णय होता, गुलामी नाकारण्याचा. चागोसच्या माणसांकडून तो निर्णयच हिसकावला गेला. मुक्काम कोणता, हा मुद्दा दुय्यम आहे. जायचे की राहायचे हे ठरवणार कोण, हा खरा मुद्दा आहे. १९३१ मध्ये मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना आपल्याला मायभूमी नाही असे सुनावले, तेही याच अर्थाने. जिथे माणूस म्हणून गणती नाही, ती भूमी आपली कशी?

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटे मॉरिशसला परत करावीत असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे राहणार; पुनर्वसन झालेच तर इतर बेटांवर, तेही मॉरिशस ठरवेल तसे. चागोसवासीयांत यावर मतभेद आहेत. कुणी स्वागत केले, कुणी निदर्शने. पण वाटाघाटीच्या टेबलावर त्यांची खुर्ची नव्हती, ही तक्रार मोठी आहे.

गोलमेज परिषदेत बाबासाहेब स्वतंत्र प्रतिनिधित्वासाठी का भांडले, हे ज्याला समजले त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. आपल्या वस्तीत उद्या नोटीस येईल तेव्हा आधी तिच्यातला शब्द वाचा. आपल्याला काय म्हटले आहे ते पाहा. लढाई तिथूनच सुरू होते.

जयभीम!