दत्तक गाव

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७०ला. म्हणजे समाजसेवा आमच्या शहराहून सहा महिन्यांनी थोरली!

आमचे चिरंजीव अकरावीत या योजनेत दाखल झाले. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास सेवा, शिवाय सात दिवसांचं शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. स्वयंसेवक आठही प्रहर तयार! (चिरंजीव त्यातले तीन प्रहर झोपतात, हा भाग वेगळा.)

शिबिरासाठी गाव ‘दत्तक’ घेतात. यांनी बेलापूरजवळच्या दिवाळ्याचा कोळीवाडा घेतला. मिसरूड न फुटलेली ही पोरं, आणि ते गाव सिडकोच्या कितीतरी आधीपासून खाडीत जाळी टाकतंय. कोणी कोणाला दत्तक घ्यायचं?

पहिल्या दिवशी सकाळी आठला किनारा स्वच्छता. ओहोटीच्या चिखलातून बोटबोटभर काड्या वर आलेल्या, हजारोंनी. मंडळींनी कचरा समजून त्या उपटायला सुरुवात केली. तोच मासळी निवडत बसलेली एक आजी कडाडली,

“अरं पोरांनो, त्यो कचरा नाय! तिवराची मुलां हान ती. झाड नाक वर काढून दम घेतंय!”

आता, चिखलात हवा नसते म्हणून तिवर मुळं वर काढतं, हे या सगळ्यांना पाठ होतं. ‘न्युमॅटोफोर’चं स्पेलिंगसुद्धा. फक्त ओळखदेख नव्हती, एवढंच.

मग आजीनं यांना ताब्यातच घेतलं. तिवराच्या बुडाशी निवटी कुठे दडते, कोलंबीची पिल्लं का वाढतात, सगळं हातानं चिखल उकरून दाखवलं. डायरीत नोंद झाली, ‘किनारा स्वच्छता, ४ तास’. सही प्राध्यापकांची. आजीच्या अंगठ्यासाठी रकाना नव्हता.

वेळापत्रक रोज आठचंच होतं. भरती-ओहोटी मात्र दररोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. शेवटच्या दिवशी आठ वाजता किनारा पाण्याखाली, आणि पोरं झाडू घेऊन बांधावर. आजी पोट धरून हसली आणि तिनं हिशेब शिकवला: अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग.

तेव्हापासून चिरंजीव उठल्या उठल्या कॅलेंडरसमोर उभे राहून तिथी पाहतात. आमच्या मातोश्रींना भरून येतं. परवा त्यांनी नातवासाठी ट्रंकेतून आजोबांचं सोवळं काढून ठेवलं.